बालीचं पाकीट

कीर्तन संपता संपता आरतीच्या तबकातल्या एका पाकिटात बुवा डोकावले आणि गायचेच थांबले. "अहो, यात तर नोटांचं पुडकंच आहे! कोण ही माउली? पुढं या, हार घालतो."

प्रमिलानं घाईघाईनं पर्स उघडली. दक्षिणेचं पाकीट आतच होतं. तबकात गेलं होतं ते चौघी मैत्रिणींच्या बाली सहलीचं. समुद्राकडची खोली नको, बोटीची फेरी नको, असं करत करत कसंबसं बसवलेलं बजेट!

शेजारी कुंदा जोरजोरात टाळ्या वाजवत होती. "बघ गं, याला म्हणतात दान! नाहीतर आपण, निघालोय समुद्रात पैसे बुडवायला!" पलीकडच्या दोघींनीही माना डोलावल्या.

प्रमिला कशीबशी उठली.

"बुवा," ती चाचरली, "हार चार लागतील."