स्वेटरची गाठ

पडद्यावरच्या जाड्या मुलाची चड्डी भर स्टेजवर ओली झाली आणि अख्खं थिएटर खदाखदा हसलं. हर्षदने मात्र चोरून बाजूला पाहिलं. शेजारी दिगंबर बसला होता.

सहावीच्या गॅदरिंगला हे दिगंबरचंच झालं होतं, पण विंगेत. हर्षदने झटकन आपला स्वेटर त्याच्या कमरेला बांधला, त्याला मागच्या दाराने घरी नेलं आणि पुढे चार वर्षं कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

मग सिनेमाच्या ऑडिशनला दिग्दर्शक म्हणाले, "शाळेतली एखादी गंमत सांग." हर्षद सांगून बसला. ती गंमत त्यांनी सिनेमात घेतली आणि त्याला हिरोच्या मित्राचं काम मिळालं. स्वेटर बांधतानाचा आपला शॉट दाखवायला आज तो दिगंबरला हौसेने घेऊन आला होता.

तो शॉट आलाच नाही. पडद्यावरचा जाड्या एकटाच रडत राहिला, लोक हसत राहिले.

"शूट केला होता रे, आईशपथ," हर्षद कुजबुजला. "कापला त्यांनी."

दिगंबरने पडद्यावरून नजर हलवली नाही.

"तेव्हा तू स्वेटर बांधलास म्हणून कुणाला कळलं नाही," तो म्हणाला. "मग आता सोडलास कशाला?"