रिकामं उड्डाण

“माणसाशिवाय उतरेल?” प्रकल्पप्रमुखांनी विचारलं आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. यान आपोआप उतरवणारी यंत्रणा तिने तयार केली होती. समोरच्या खुर्चीत तिचा नवरा बसला होता. त्या यानाचा पहिला वैमानिक म्हणून तो अकरा वर्षं तयारी करत होता.

शत्रुदेशाचं यान आणि हे यान, बाहेरून बघावं तर जुळ्या बहिणी. लोक नक्कल म्हणून नाकं मुरडायचे. आतून मात्र कशाचा कशाला मेळ नव्हता. त्यांच्या यानाला स्वतःची मोठी इंजिनं होती. हे रॉकेटच्या पाठीवर बसून वर जायचं. त्यांची चाकं उतरताना माणसाच्याच हाताने खाली यायची. इथे आत कुणी नसलं तरी चालणार होतं. निदान कागदावर तरी. आणि दोनच वर्षांपूर्वी त्यांचं यान माणसांसकट जळालं होतं.

“उतरेल,” ती म्हणाली.

नवऱ्याने पेनाला टोपण लावलं.

यान रिकामं गेलं, पृथ्वीला दोन फेऱ्या मारून परतलं. आडवा वारा सुटला होता, तरी धावपट्टीच्या मधल्या रेषेपासून जेमतेम हातभर सरकलं. लोकांनी तिला डोक्यावर घेऊन नाचायचंच बाकी ठेवलं. “पुढच्या खेपेला तूच,” असं जो तो नवऱ्याला सांगत होता. पुढची खेप आलीच नाही. सरकार बदललं, प्रकल्प गुंडाळला गेला, यान शेडमध्ये धूळ खात पडलं.

नवरा मालवाहू विमानं चालवू लागला. घरी तो तिला कधी वाईट बोलला नाही. बोललाच नाही म्हणा ना. मीठ दे, दार लाव, एवढंच. तिला मिळालेलं पदक त्याने स्वतः खिळा ठोकून भिंतीवर लावलं, ती जेवायला बसायची बरोबर त्या जागेसमोर.

सतरा वर्षांनी तो निवृत्त झाला. त्या संध्याकाळी दारात बूट काढता काढता त्याने विचारलं, “तुझ्या यंत्रावर एवढा विश्वास होता? माझी गरजच नाही, इतका?”

तिने त्याच्या पांढऱ्या झालेल्या केसांकडे पाहिलं.

“नव्हता,” ती म्हणाली. “विश्वास असता तर तुला बसू दिलं असतं.”