दार लावून कुटलेली चव

शाळेच्या फाटकावर तीस वर्षं मी चिंचेच्या गोळ्या विकतोय. मास्तरांनी वर्गात बोलावलं, तर पडद्यावर फिनलंडची गोरी पोरं तसल्याच गोळ्या चघळत होती!

"दोन्ही शाळांची पोरं मिळून धंदा शिकतायत," मास्तर म्हणाले. "आपल्या पोरांनी तुम्हाला विचारून विचारून कृती कळवली. पण तुमची चव येईना."

मी मिशीत हसलो. खरी वस्तू सांगितली, तर माझ्या पाटीकडं कोण फिरकंल?

तेवढ्यात वर्गातल्या संगणकातलं एआय चक्क मराठीत बोललं, "या गोळीनं पोटदुखी थांबते, असं मुलं सांगतात. आजोबांनी सुंठ लपवली असावी."

तीस वर्षांचं गुपित भर वर्गात फुटलं!

दारात शाळेची खिचडी शिजवणारी माझी सून उभी. तिच्या हातातला डाव खणकन पडला.

"मामंजी, बारा वर्षं गोळ्या मी वळते. दार लावून नुसती सुंठ कुटत होता व्हय?"