फुकटची दहा मिनिटं

"बाळाला लस टोचल्यावर अर्धा तास इथंच बसा," नर्सबाईंनी बजावलं होतं. रत्नमालानं ऐकलं नाही. दवाखान्याबाहेर पार्किंगवाला शिट्टी फुंकत होता, फुकटची दहा मिनिटं संपली होती. मुकुंदवाडीच्या वळणावर, नणंदेच्या स्कूटीवरच बाळाचे ओठ सुजले. माघारी नेलं, म्हणून वाचलं. आज दवाखान्याचं पार्किंगशुल्क कायम करण्याच्या महापालिकेतल्या सुनावणीत ती बाळासकट उभी राहिली. नगरसेवक हसले, "ताई, दहा मिनिटं लई झाली. दवाखान्यात काय मुक्काम ठोकायचाय?" "व्हय, अर्ध्या तासाचा. तेवढा वेळ आयांच्या गाड्या मोफत ठेवा." "तुमची बोलायची वेळ संपली. बसा खाली." "शिट्टी फुंका, साहेब. या वेळी मी हलणार नाय." बाळाला कडेवर सावरत ती सभागृहाकडं वळली: "आज लशीचा वार आहे. तुमच्या गल्लीतली कुणी आई घाईनं परतली असेल, तर आत्ताच फोन करा. बाळ कसंय, विचारा."