पाणी थबकतं ती जागा

हे काम जमलं तर गणितीच्या पदरात पुष्कळ पडणार होतं: साहेबांची मर्जी, खिडकीजवळचं टेबल आणि हुद्द्याला 'मुख्य' असा तुरा. ऑफिसात सगळे त्याला गणितीच म्हणत. घराघरातले रेडिएटर तापवून ऊब देणारं बॉयलरघराचं गरम पाणी शहरातल्या कुठल्या नळीतून किती धावेल, हे तो कॉम्प्युटरवर आधीच मांडून दाखवायचा.

पाणी दोन्ही अंगांनी शहराला वेढा घालायचं. समोरासमोर येऊन जिथे ते थबकायचं, तिथली घरं गारठायची. यंदा ते नेमकं साहेबांच्या गल्लीत थबकलं होतं.

"हलव ते तिथून," साहेब त्याच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. "बायको घरात कानटोपी घालून बसते आणि बोलणी मला बसतात."

"हलेल, साहेब. पण नाहीसं नाही होणार. कुठेतरी थबकणारच."

"मग थबकू दे कुठेतरी. आरडाओरडा तेवढा नको."

गणितीनं पडद्यावर एक व्हॉल्व्ह आवळला. पाणी थबकल्याची जागा दाखवणारा निळा ठिपका सरकत दवाखान्यावर गेला. नको. दुसरा सैल केला, तर ठिपका वकिलाच्या दारात. ते तर त्याहून नको. तिसऱ्या खेपेला तो जुन्या गल्लीच्या टोकाला, त्याच्याच थोरल्या बहिणीच्या घरावर जाऊन बसला.

गणितीचा हात जरा अडखळला. पण ताईनं आजवर कुणाकडे कसली तक्रार केली नव्हती. शिवाय घरचंच माणूस, सांभाळून घेईल. असा मनाशी मेळ बसवून त्यानं खरे व्हॉल्व्ह फिरवायचं बटण दाबलं.

संध्याकाळी साहेब स्वतः पाठ थोपटायला आले. "कानटोपी उतरली बरं का. टेबल उद्याच हलवून घे."

ते वळले आणि ताईचा फोन आला.

"कामात आहेस का रे? विशेष काही नाही. आमचा रेडिएटर गार पडलाय."

"ताई, ते असं झालं..."

"तू नको धावपळ करूस. मी त्याचा कॉकच बंद करून टाकला. म्हटलं, आपल्याला पुरत नाही, तर शेजारच्या बाळंतिणीला तरी मिळू दे."

गणितीनं पडद्याकडे पाहिलं. तिथे आता घराघरातली खरी मोजमापं येत होती. ताईच्या शेजारचं घर निळ्याचं हळूहळू तांबूस होत होतं. हे त्याच्या मांडणीत कुठेच नव्हतं.

साहेबांना ऊब, बाळंतिणीला ऊब, त्याला खिडकी. सगळ्यांच्या वाटचं ताईनं एकटीनं भरलं होतं, आणि वर विचारत होती,

"तुमच्या ऑफिसात तरी गरम असतं ना रे?"