मैनेच्या बाकावरची

जरा पुढे सरकून बसा, मायबापहो. मागे ऐकू जायचं नाही. गोष्ट एवढीशीच आहे, पण ती ज्या बाईची आहे, तिचं सांगणारं दुसरं कोणी नाही.

सभागृहाच्या दारात टेबल टाकून बसलेल्या गृहस्थानं मान वर केली.

"मिसेस कोणाच्या?"

बाई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. शाळेच्या जुन्या वर्गाचा मेळावा आहे, हे निमंत्रण फिरत फिरत कारखान्यातल्या एका सोबतिणीच्या फोनवर आलं होतं. ज्यानं त्यानं तिला सांगितलं होतं, असा मेळावा चुकवू नये, माणूस तिथून लहान होऊन परत येतं. तिला लहानबिहान व्हायचं नव्हतं. तिला मैनेला भेटायचं होतं. एकाच बाकावर बसून दोघींनी अख्खी शाळा काढली होती.

तेव्हा तिला सगळे टाचणी म्हणायचे. आता टाचणी जाऊन टाचण्यांची उशी झाली होती, त्याला तो गृहस्थ तरी काय करणार? तिला गंमत वाटली. बघू या, आधी कोण ओळखतं, असं मनाशी म्हणून ती नुसती हसली. त्यानं 'पाहुणे' लिहिलेली पट्टी दिली. ती तिनं छातीवर चिकटवली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

वर्गात ज्याला सगळे भोंगा म्हणायचे, त्याच्या हातात माईक होता. शाळेतही त्याला माईकची गरज नव्हती.

"अरे, आपल्यातलं कोणी म्हणजे कोणी बदललेलं नाही. फक्त चहूबाजूंनी वाढलेत सगळे."

"तुझ्या डोक्यावर काही वाढलेलं दिसत नाही ते," कोणीतरी ओरडलं.

सगळे हसले. टाचणी तर मोठ्यानं हसली. वळून कोणी पाहिलं नाही.

मग भोंग्यानं आवाज उतरवला. दिवे मंद झाले. "आता जे आज आपल्यात नाहीत, त्यांच्यासाठी."

पडद्यावर गणिताच्या बाई आल्या. मग तळ्यात बुडालेला एक मुलगा. मग काडीसारख्या मानेची, दोन वेण्यांची एक मुलगी. वर्गाच्या फोटोतून कापून मोठी केलेली. कडेला शेजारणीचा अर्धा खांदा तसाच राहिला होता. तो मैनेचा.

टाचणी दचकली, आणि मग तिला हसूच आलं. फोनचा नंबर बदलला होता. लागला नसेल. कोणीतरी म्हणालं असेल, गेली वाटतं. बाकीचे हळहळून मोकळे झाले असतील. "अहो, मी आहे," असं म्हणायला उठावं म्हणून तिनं पुढच्या खुर्चीची पाठ धरलीही. तेवढ्यात मैनेनं माईक घेतला.

"टाचणी माझी," मैना म्हणाली. "शेवटचे पंधरा दिवस मी तिच्या खाटेपाशीच होते. माझा हात सोडायची नाही. जाताना म्हणाली, मैने, तू आलीस, आता मी सुखानं जाते."

सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज झाले.

टाचणीचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला. आता तोंड उघडलं तर ती जिवंत होणार होती, पण मैना चारचौघांत उघडी पडणार होती. सगळे उभे राहिले. तीही राहिली. स्वतःसाठी मान खाली घालून, अगदी स्तब्ध.

"तुम्ही ओळखत होता तिला?" शेजारच्या माणसानं डोळे पुसत विचारलं.

"तोंडओळख होती."

"नशीबवान बाई. अशी मैत्रीण कोणाला मिळते?"

दिवे लागले. जेवणाच्या टेबलांकडे झुंबड उडाली. मैना मात्र एकेका रांगेतून सगळ्यांना मिठ्या मारत मागे मागे येत होती. शेवटच्या रांगेत आली, सवयीनं हात पसरले, आणि ते अर्ध्यावर थांबले. तिनं टाचणीचे डोळे पाहिले. एकावर एक आलेले पुढचे दोन दात पाहिले. चेहऱ्यावरचा रंग पार उतरला.

"मैने," टाचणी म्हणाली. शेजाऱ्यालाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली. काही झालं नाही गं, मी कोणाला सांगत नाही, एवढं सगळं त्या एका हाकेत होतं.

मैनेनं वळून पाहिलं. चार जणांना घेऊन भोंगा इकडेच येत होता. मग तिनं टाचणीच्या छातीवरची पट्टी वाचली. एकेक अक्षर लावून वाचावी तशी, सावकाश.

"जेवल्याशिवाय जाऊ नका हं, ताई," ती म्हणाली, आणि पलीकडच्या बाईच्या गळ्यात पडली.

झाली गोष्ट, मायबापहो. मागणं एकच आहे. गेलेल्यांसाठी देवापाशी हात जोडाल, तेव्हा टाचणीला त्यांत धरू नका. जित्यांसाठी काही मागाल, तेव्हा तिची आठवण ठेवा. सकाळच्या पाळीला असते ती, बिस्किटं भरत.