दिवाणखान्यातली घोडी

गुलामगिरीवरून अमेरिकेत यादवी पेटली होती. उत्तरेचं सैन्य घोडे जप्त करत गावात शिरताच प्रुइटसाहेबांनी लाडकी घोडी दिवाणखान्यात कोंडली, स्वतः पडद्याआड लपले आणि आपला गुलाम एनक याला दाराशी उभं केलं.

“घरात घोडा आहे?” कप्तानाने विचारलं. नेमकी तेव्हाच घोडी आत खिंकाळली.

“मालकीणबाईंचा खोकला,” एनक म्हणाला.

कप्तान हळहळत पुढे गेला. साहेब गहिवरले. “माझी घोडी वाचवलीस रे!”

“माझ्या हेस्टरला एवढं लांब चालवणार नाही, साहेब. आठवा महिना आहे.” एनकने घोडी बाहेर काढून बायकोला तिच्यावर बसवलं. “उत्तरेच्या छावणीत पोचलेला गुलाम सुटतो म्हणतात.”

साहेबांनी ओरडायला तोंड उघडलं. पण सैनिक अजून हाकेच्या अंतरावर होते. साहेबांनी ते मुकाट मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच परवानगी न विचारता एनक मागच्या फाटकाबाहेर पडला.